कमी ब्रेक, कमी पेट्रोल : कोल्हापूर परिसरात कार सुरक्षित आणि काटकसरीने कशी चालवावी

कोल्हापुरात कार चालवणाऱ्याच्या वाट्याला एकाच दिवसात अनेक प्रकारचे रस्ते येतात. सकाळी महाद्वार रोडच्या आसपास दुचाकींची आणि भाविकांची गर्दी असते, दुपारी पुणे-बंगळूर महामार्गावर मोकळा वेग मिळतो, गगनबावड्याकडे गेल्यास घाट लागतो आणि हंगामात परतीचा रस्ता उसाच्या ट्रॉल्यांनी भरलेला असतो. या प्रत्येक ठिकाणी गाडी चालवण्याची रीत वेगळी असली, तरी हिशेब एकच आहे. इंधन जाळून आपण गाडीला वेग देतो, आणि ब्रेक दाबला की त्या वेगाची उष्णता होऊन ती हवेत निघून जाते. ब्रेक जितका जास्त लागतो, तितके आधी जाळलेले पेट्रोल वाया जाते; आणि ब्रेक वारंवार जोरात दाबावा लागणे हे समोरचे आपल्याला उशिरा दिसत असल्याचे लक्षण असते. म्हणून जो चालक दूरवर पाहतो, अंतर राखतो आणि वेग सावकाश बदलतो, त्याची गाडी कमी पिते आणि अपघाताच्या प्रसंगातही कमी सापडते. याचा अर्थ ब्रेक दाबायला कचरावे, असा मात्र कोणी घेऊ नये. गरज पडली की तो पूर्ण ताकदीने दाबायचा. गरज कमी वेळा पडावी, एवढीच खटपट करायची.

निघण्यापूर्वी

सर्वांत स्वस्त आणि सर्वांत दुर्लक्षित काम म्हणजे टायरमधील हवा. चालकाच्या दरवाजाच्या चौकटीवर, काही गाड्यांत पेट्रोलच्या झाकणाच्या आतल्या बाजूला, हवेचा दाब लिहिलेले स्टिकर असते. त्यावर बहुधा दोन आकडे असतात : एक दोन-तीन माणसे बसलेली असताना आणि दुसरा गाडी पूर्ण भरलेली असताना. कुटुंब आणि सामान घेऊन कोकणात उतरायचे असेल, तर दुसरा आकडा पाळावा. हे आकडे थंड टायरचे असतात, म्हणून हवा सकाळी, घराजवळच्या पंपावर तपासणे बरे. लांबून धावत आलेल्या टायरमध्ये दाब तीन-चार पीएसआयने (हे दाब मोजण्याचे एकक) वाढलेला दिसतो. तो पाहून हवा काढून टाकली, तर टायर थंड झाल्यावर कमी भरतो.

हवा कमी असली की टायरच्या बाजू सतत दबत-उघडत राहतात, त्यात इंधन जाते, टायर तापतो आणि महामार्गाच्या वेगात फुटण्याची शक्यता वाढते. याउलट ॲव्हरेज वाढावे म्हणून काहीजण मुद्दाम चार-पाच पीएसआय जास्त भरतात. त्यात टायरचा मधला पट्टाच रस्त्याला टेकतो, तो लवकर झिजतो आणि ओल्या रस्त्यावर पकड कमी होते. वाचलेल्या पेट्रोलच्या मानाने हा सौदा वाईट आहे. नायट्रोजन भरावा की साधी हवा, यावर चहाच्या टपरीवर बरीच चर्चा होते. साध्या हवेतही अठ्ठ्याहत्तर टक्के नायट्रोजनच असतो. महिन्यातून दोनदा दाब पाहणाऱ्याला साधी हवा पुरते, आणि न पाहणाऱ्याला नायट्रोजनचाही उपयोग नाही. स्टेपनीची हवा त्याच वेळी पाहावी, कारण ती नेमकी पंक्चरच्या दिवशी कमी निघते.

टायरच्या खाचांमध्ये आडवे छोटे उंचवटे असतात. टायर झिजून त्यांच्या पातळीला आला, म्हणजे खाच १.६ मिलिमीटर उरली आणि टायर कायद्यानेही बाद झाला. आपल्याकडच्या पावसाचा विचार करता तोवर थांबू नये. तीन मिलिमीटरच्या आसपास टायर आले असतील, तर मृगाच्या आधीच बदलावेत. टायरच्या बाजूवरचा चार अंकी आकडा त्याचे वय सांगतो. तेथे २३२२ असेल, तर तो टायर २०२२ सालच्या तेविसाव्या आठवड्यात तयार झालेला असतो. जुनी कार घेताना गाडीच्या रंगाइतकेच या आकड्याकडेही लक्ष द्यावे.

बसण्याची पद्धत एकदा नीट लावून घ्यावी. क्लच पूर्ण दाबल्यावरही गुडघा थोडा वाकलेला राहिला पाहिजे, पाठ सीटला टेकलेली असताना मनगट स्टिअरिंगच्या वरच्या कडेवर सहज पोहोचले पाहिजे, आणि छाती व स्टिअरिंग यांच्यात किमान २५ सेंटिमीटर अंतर असले पाहिजे, कारण एअरबॅगला उघडायला तेवढी जागा लागते. एअरबॅग ही सीट बेल्टच्या जोडीला असते; बेल्ट न लावता पुढे फेकल्या गेलेल्या माणसाला तीच एअरबॅग इजा करू शकते. मागच्या सीटवरही बेल्ट बंधनकारक आहे आणि तो न लावल्यास मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४-ब प्रमाणे एक हजार रुपये दंड आहे. दंडापेक्षा महत्त्वाचे हे, की बेल्ट न लावता मागे बसलेला माणूस धडकेच्या वेळी पुढच्याच्या पाठीवर आदळतो आणि बेल्ट लावलेल्या पुढच्या माणसाचाही घात होतो. मुलाला पुढच्या सीटवर मांडीत घेऊन बसण्याची आपल्याकडची रीत तर पूर्णपणे सोडली पाहिजे. जोतिबाहून येताना मागच्या काचेखालच्या फळीवर ठेवलेले नारळही अचानक ब्रेक लागला की थेट डोक्यावर येतात. अशा वस्तू डिकीत टाकाव्यात.

शहराच्या गर्दीत

गाडी सुरू करून पाच-दहा मिनिटे जागेवर गरम करत बसण्याची गरज आजच्या इंजिनांना नाही. अर्धा मिनिट थांबून निघावे आणि पहिले दोन-तीन किलोमीटर इंजिनला ताण न देता चालवावे. थंड इंजिन जास्त इंधन घेते, म्हणून शहरातील तीन कामांसाठी तीनदा गाडी काढण्यापेक्षा ती एका फेरीत उरकली, तर फरक स्पष्ट दिसतो. शाहूपुरीतून लक्ष्मीपुरीत जाण्याएवढ्या अंतरासाठी तर पाय हेच उत्तम वाहन आहे, आणि पार्किंग शोधण्यात जाणारे पेट्रोलही वाचते.

शहरात खरी बचत उजव्या पायात असते. कावळा नाक्याकडून दाभोळकर कॉर्नरकडे येताना पुढचा सिग्नल लाल दिसत असेल, तर तेथवर जोरात जाऊन ब्रेक दाबण्यात काहीच मिळत नाही. लाल दिवा दिसताच ॲक्सिलरेटर सोडावा आणि गाडी गिअरमध्येच राहू द्यावी. इंजेक्शन पद्धतीच्या, म्हणजे आजच्या गाड्यांतल्या, इंजिनात अशा वेळी, इंजिनचे फेरे पुरेसे असतील तोवर, संगणक इंधनाचा पुरवठा पूर्ण बंद करतो आणि चाकेच इंजिनला फिरवतात. पुष्कळदा सिग्नलजवळ पोहोचेपर्यंत तो हिरवा होतो आणि दुसऱ्या गिअरवर गाडी पुढे निघते. थांबलेली गाडी पहिल्यापासून उचलण्यापेक्षा चालती गाडी उचलायला कितीतरी कमी इंधन लागते.

गिअर वर टाकण्याची वेळ पेट्रोल गाडीत इंजिनच्या मिनिटाला साधारण दोन हजार ते अडीच हजार फेऱ्यांच्या आसपास, तर डिझेलमध्ये दीड ते दोन हजारांच्या आसपास येते. गाडीच्या पुस्तिकेत नेमका सल्ला दिलेला असतो. टॉप गिअरचा अतिरेकही करू नये : चाळीसच्या वेगात पाचवा गिअर टाकून ॲक्सिलरेटर खोलवर दाबला की इंजिन गुरगुरते, गाडी थरथरते आणि बचतही होत नाही. इंजिन सुरू ठेवून उभी असलेली गाडी तासाला साधारण अर्धा ते एक लिटर इंधन पिते. सिग्नलवर अर्ध्या मिनिटापेक्षा जास्त थांबायचे असेल, तर इंजिन बंद करावे. चढावर गर्दीत अडकल्यास हाफ क्लचवर गाडी तोलून धरू नये, हँडब्रेक लावावा. ऑटोमॅटिक गाडी ॲक्सिलरेटरवर धरून ठेवणे हेही तसेच वाईट, विशेषतः एएमटीमध्ये (साध्या गिअरबॉक्सचे क्लच आणि गिअर यंत्राने बदलणारी ऑटोमॅटिक), कारण आत क्लच असतोच आणि तो जळतो.

गर्दीच्या रस्त्यावर वेग आधीच कमी असतो. धोका असतो तो बाजूने येणाऱ्या दुचाकीचा. डावीकडे वळण्यापूर्वी आरशात पाहून भागत नाही, मान वळवून डावा कोपराही पाहावा लागतो. रस्त्याकडेला गाडी लावून उतरताना उजवा दरवाजा डाव्या हाताने उघडण्याची सवय लावून घ्यावी. त्यामुळे अंग आपोआप मागे वळते आणि येणारी मोपेड दिसते. मुलांना आणि पाहुण्यांना मात्र फुटपाथच्या बाजूनेच उतरवावे.

महामार्गावर

शिरोली ओलांडून किणीच्या दिशेने गाडी सुसाट सुटते आणि येथेच वेगाचा हिशेब कोणाला पटत नाही. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाप्रमाणे वाढतो. ८० वरून १०० वर गेल्यास वेग पाव पटीने वाढतो, पण हवेचा विरोध दीडपटीहून जास्त होतो. कोल्हापूर ते कराड हे सुमारे ७५ किलोमीटरचे अंतर सलग ८० ने गेल्यास ५६ मिनिटांचे आणि १०० ने गेल्यास ४५ मिनिटांचे आहे. टोलनाका, ट्रकांच्या रांगा आणि सहापदरीकरणाच्या कामासाठी काढलेले वळणरस्ते धरले, तर ती अकरा मिनिटेही हातात उरत नाहीत. चौपदरी दुभाजक रस्त्यावर कारसाठी केंद्र सरकारने २०१८ मध्ये ठरवलेली कमाल मर्यादा ताशी १०० किलोमीटर आहे, पण त्या जागी लावलेल्या फलकावर कमी आकडा असेल तर तोच पाळायचा असतो.

थांबण्याचे अंतर याहून बोलके आहे. धोका दिसल्यापासून पाय ब्रेकवर जाईपर्यंत दीड सेकंद धरला आणि कोरड्या चांगल्या रस्त्यावरचे ब्रेक धरले, तर ६० ने चाललेली कार सुमारे ४५ मीटरमध्ये थांबते, ८० ची सुमारे ६८ मीटरमध्ये आणि १०० ची जवळजवळ ९७ मीटरमध्ये. ६० ची कार ज्या जागी पूर्ण थांबते, त्याच जागी ८० ने आलेली कार अजूनही ताशी ६५ च्या आसपास धावत असते. ‘फक्त वीसच वाढवले’ म्हणणाऱ्याने हा आकडा लक्षात ठेवावा.

अंतर मीटरमध्ये मोजत बसता येत नाही, म्हणून ते सेकंदात मोजावे. पुढची गाडी एखाद्या खांबाजवळून गेली की मोजायला सुरुवात करावी. आपण त्याच खांबाजवळ तीन सेकंदांच्या आत पोहोचलो, तर आपण फार जवळ आहोत. पावसात हेच अंतर पाच सेकंदांपर्यंत वाढवावे. मध्ये कोणी घुसतो, ही तक्रार खरी आहे. घुसू द्यावा आणि पुन्हा अंतर मागे घ्यावे. दिवसभरात दहाजण घुसले, तरी वेळेचे नुकसान एका मिनिटाएवढेही होत नाही.

काचा उघड्या ठेवून महामार्गावर धावल्यास हवेचा विरोध वाढतो, तेथे काचा बंद करून एसी लावणे योग्य. शहरात कमी वेगात मात्र काचा उघड्या ठेवणे स्वस्त पडते. छतावरचे रिकामे कॅरिअर वापरात नसेल, तर काढून ठेवावे. जोराच्या पावसात चारही इंडिकेटर लावून चालण्याची जी पद्धत पडली आहे, ती चुकीची आहे : आपण लेन बदलणार आहोत की सरळ जाणार, हे मागच्याला कळेनासे होते. चालत्या गाडीला हेडलाइट लावावेत. चार इंडिकेटर उभ्या, अडलेल्या गाडीसाठी आहेत. काचेवर आतून वाफ धरली, तर पुसत बसण्याऐवजी एसी सुरू करून बाहेरची हवा आत घेण्याचा खटका उघडावा, काच मिनिटभरात स्वच्छ होते.

ओल्या रस्त्यावर वेगात असताना स्टिअरिंग अचानक हलके लागले, तर टायर पाण्याच्या थरावर तरंगत आहेत असे समजावे. अशा वेळी ब्रेक दाबू नये, स्टिअरिंग झटक्याने फिरवू नये. ॲक्सिलरेटर सोडून गाडीला सरळ जाऊ द्यावे. जोराचा ब्रेक लावण्याची वेळ आलीच, तर एबीएस (चाके जाम होऊ न देणारी ब्रेकची यंत्रणा) असलेल्या गाडीत पेडल एकदा पूर्ण दाबून तसेच धरून ठेवावे. पायाखाली पेडल थडथडते, त्याला घाबरून पाय उचलू नये. एप्रिल २०१९ पासून नव्या कारना एबीएस सक्तीचे आहे, पण ही थडथड पहिल्यांदा खऱ्या प्रसंगातच अनुभवणारे चालक अनेक आहेत.

घाटात

कोल्हापूरकराच्या घाटांची यादी मोठी आहे : गगनबावड्यावरून उतरणारे करूळ आणि भुईबावडा, दाजीपूरकडून फोंडा, रत्नागिरीच्या वाटेवर आंबा, आजऱ्याकडून आंबोली. या सर्व घाटांत एक गैरसमज पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला आहे, तो म्हणजे उतारावर गाडी न्यूट्रल केली की पेट्रोल वाचते. इंजेक्शनच्या आधी, पेट्रोल-हवेचे मिश्रण यांत्रिक कार्ब्युरेटर करत असे त्या काळात त्यात थोडे तथ्य होते. आजच्या गाडीत न्यूट्रलवर इंजिन जिवंत ठेवण्यासाठी इंधन लागतेच, तर गिअरमध्ये ॲक्सिलरेटर सोडल्यास ते शून्य होते. म्हणजे न्यूट्रलने उतरणारा माणूस पेट्रोल जास्त जाळतो आणि शिवाय सगळा भार ब्रेकवर टाकतो. काहीजण इंजिनच बंद करतात. तसे केल्यावर ब्रेकला मिळणारी जोड एक-दोनदा पेडल दाबताच संपते, पेडल दगडासारखे घट्ट होते, पॉवर स्टिअरिंग जड होते आणि चावी पूर्ण फिरली तर स्टिअरिंग लॉकही होऊ शकते. एवढ्या गोष्टी एका वळणावर एकदम घडल्यास कोणाच्याही हातात काही उरत नाही.

उतरण्याची योग्य रीत अशी : उतार सुरू होण्यापूर्वीच गिअर खाली घ्यावा. ज्या गिअरने तो चढ चढता येईल, साधारण त्याच गिअरने उतरावे. तीव्र वळणांच्या टप्प्यात दुसरा, सरळ उतारावर तिसरा. ॲक्सिलरेटरवरून पाय पूर्ण काढला असताना वेग हळूहळू वाढत असेल, तर गिअर अजून एक खाली हवा. ब्रेक सतत हलका दाबून ठेवू नये. वेग ठरवलेल्या मर्यादेपलीकडे गेला की घट्ट दाबून उतरवावा आणि पाय पूर्ण काढावा, म्हणजे मधल्या वेळात डिस्कला हवा लागते. एएमटी गाडीत गिअरची दांडी मॅन्युअलकडे घ्यावी, सीव्हीटीमध्ये (ठरावीक गिअर नसलेली ऑटोमॅटिक) एल किंवा एस असा जो खालचा टप्पा असेल तो वापरावा. जळका वास आला किंवा पेडल नेहमीपेक्षा खोल जाऊ लागले, तर सुरक्षित रुंद जागा पाहून थांबावे आणि अर्धा तास गाडी निवू द्यावी. तापलेल्या चाकांवर पाणी मारू नये. ब्रेक ऑइल हवेतील ओलावा शोषत असते आणि ओलावा असलेले ऑइल लवकर उकळते, म्हणून बहुतेक कंपन्या ते दोन वर्षांनी बदलायला सांगतात. वर्षातून दोनदा कोकणात जाणाऱ्याने हा खर्च टाळू नये.

चढताना काटकसरीचा हिशेब वेगळा असतो. पन्हाळा कोल्हापूरपेक्षा सुमारे ४०० मीटर उंच आहे. चार माणसांसह बाराशे किलोची कार तेवढी उंच नेण्यासाठीच अर्ध्या लिटरहून थोडे जास्त पेट्रोल लागते, मग ती कशीही चालवा. ते वाचवता येत नाही. वाचवता येते ते वळणावळणाला ब्रेक मारून पुन्हा उसळी घेण्यात जाणारे. म्हणून वळणाआधीच वेग कमी करून, योग्य गिअर टाकून, वळणातून एकसारखा वेग ठेवून बाहेर पडावे.

अरुंद घाटात चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्यायची असते. मोटार वाहन चालन विनियम २०१७ मध्येही तसेच आहे. नागमोडी वळणावर समोरून एसटी येत असेल, तर तिला वळायला पूर्ण रस्ता लागतो. वळणाच्या तोंडाशी नाक घालून तिला अडवण्यापेक्षा दहा-पंधरा मीटर अलीकडे थांबून वाट द्यावी. आंधळ्या वळणावर हॉर्न द्यावा, डावी बाजू सोडू नये आणि वळणाच्या आतल्या कडेने कापून जाऊ नये. पावसाळ्यात गगनबावडा, आंबा, आंबोली येथे धुके इतके दाट असते की अप्पर (दूरवर पडणारा झोत) लावल्यास पांढरी भिंतच समोर उभी राहते. डिपर (जवळ, खाली पडणारा झोत) आणि फॉग लॅम्प लावून, रस्त्याच्या डाव्या कडेची पांढरी रेघ धरून चालावे. दिसत नसेल, तर रस्त्याबाहेर पूर्ण उतरता येईल अशी जागा गाठून थांबावे. वळणावर किंवा रस्त्याच्या कडेला अर्धवट उभे राहणे चालण्यापेक्षाही धोक्याचे आहे.

उसाच्या हंगामात, अंधार पडल्यावर

साखर कारखान्यांचे गाळप सुरू झाले की जिल्ह्यातल्या रात्रीच्या रस्त्यांचे रूप बदलते. दोन ट्रॉल्या जोडलेला ट्रॅक्टर ताशी पंधरा-वीसच्या वेगाने चाललेला असतो, मागे दिवा असेलच असे नाही, रिफ्लेक्टर असला तरी लोंबणाऱ्या वाढ्यांनी (उसाच्या शेंड्यांच्या पानांनी) झाकलेला असतो. आपण ७० ने असलो आणि तो २० ने, तर दोघांमधील अंतर दर सेकंदाला चौदा मीटरने कमी होते. डिपरचा प्रकाश साधारण पन्नास मीटरपर्यंत कामाचा असतो. म्हणजे ट्रॉली दिसल्यापासून आदळेपर्यंत चार सेकंदही मिळत नाहीत, आणि त्यातला दीड सेकंद तर काय दिसते आहे हे समजण्यातच जातो. वर सांगितलेले ६० च्या वेगाचे ४५ मीटर आठवल्यास दिवे नसलेल्या रस्त्यावर रात्री ६० हीच वरची मर्यादा का असावी, हे वेगळे सांगावे लागत नाही.

ट्रॉली दिसण्यापूर्वी तिच्या खुणा दिसतात. डांबरावर पडलेली, चाकांखाली चेचलेली उसाची कांडी ताजी आणि ओली दिसू लागली, की भरलेली ट्रॉली थोडीच पुढे आहे असे धरावे. समोरून येणाऱ्या गाडीचे दिवे मध्येच क्षणभर झाकले गेले, तर आपल्या आणि त्या गाडीच्या मध्ये काहीतरी उंच आणि अंधारे चाललेले आहे. शेतातून रस्त्यावर येणारी चाकोरी आणि तिच्यासोबत आलेला चिखल हीसुद्धा खूणच आहे. त्या चिखलावर हलका पाऊस पडला, तर रस्ता साबण लावल्यासारखा होतो आणि ब्रेक लावताच गाडी बाजूला सरकते.

ट्रॉलीला मागे टाकताना तिची लांबी दोन ट्रॉल्यांची आहे आणि ऊस दोन्ही बाजूंना बाहेर आलेला आहे, हे धरूनच जागा मोजावी. फार जवळ जाऊन डोकावण्यापेक्षा मागे राहिल्यास पुढचे जास्त दिसते. समोरच्याने अप्पर डोळ्यांवर मारला, तर त्याच्याकडे न पाहता रस्त्याच्या डाव्या कडेकडे पाहावे आणि वेग उतरवावा. उलट अप्पर मारून सूड उगवल्यास रस्त्यावर दोन आंधळे चालक होतात. पुढच्या काचेची आतली बाजू आठवड्यातून एकदा कोरड्या कापडाने पुसली, तरी समोरच्या प्रकाशाचा फटका बराच कमी होतो.

पाणी रस्त्यावर आल्यास

पंचगंगेवरचे शिंगणापूर, राजाराम, सुर्वे, रुई, इचलकरंजी, तेरवाड आणि शिरोळ हे बंधारे पावसाळ्यात सर्वांत आधी पाण्याखाली जातात, आणि यांतल्या काहींवरून रोजची वाहतूक असते. राजाराम बंधाऱ्यावरची पाणीपातळी ३९ फुटांना इशाऱ्याची आणि ४३ फुटांना धोक्याची मानतात. तो आकडा चाळिशीकडे चालला असेल, तर केर्लीजवळ रत्नागिरी मार्ग आणि मांडुकलीजवळ गगनबावडा मार्ग बंद होण्याची शक्यता धरून प्रवास आखावा. २०१९ आणि २०२१ मध्ये शिरोलीजवळ महामार्गच पाण्याखाली गेला होता.

वाहत्या पाण्यात गाडी घालू नये. फूटभर पाण्याचा जोरदार प्रवाहही लहान कार सरकवू शकतो. बंधाऱ्यावर कठडा कुठे आहे हे दिसत नाही, आणि कालचा रस्ता पाण्याखाली आज तसाच शाबूत असेल याची खात्री नसते. साचलेले, स्थिर पाणी चाकाच्या निम्म्यापेक्षा कमी असेल, तर पहिल्या गिअरवर, एकसारख्या संथ गतीने, मध्ये न थांबता पार करावे. बाहेर पडल्यावर ब्रेक दोन-तीनदा हलका दाबून कोरडा करावा. पाण्यात इंजिन बंद पडले, तर पुन्हा स्टार्टर मारू नये. आत शिरलेले पाणी दाबले जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो आणि टोइंगच्या हजार-दोन हजारांत भागले असते तेथे इंजिनच उघडावे लागते.

इंधन, देखभाल आणि ॲव्हरेजचा हिशेब

पंपावरच्या पेट्रोलमध्ये आता २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते, आणि आपल्या जिल्ह्यातले साखर कारखानेही ते बनवतात. इथेनॉलच्या एका लिटरमध्ये पेट्रोलच्या साधारण दोन तृतीयांश एवढीच ऊर्जा असल्याने ॲव्हरेज थोडे उतरणे स्वाभाविक आहे; त्यासाठी लगेच मेकॅनिकला दोष देऊ नये. मात्र जुनी गाडी या इंधनासाठी बनलेली आहे की नाही, हे पुस्तिकेत किंवा इंधनाच्या झाकणाजवळ पाहून घ्यावे. इथेनॉल पाणी ओढते, म्हणून महिनोन्‌महिने उभ्या राहणाऱ्या गाडीत जुने पेट्रोल ठेवू नये.

एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-सहा (धुराच्या प्रदूषणाची मर्यादा ठरवणारे मानक) डिझेल गाड्यांच्या धुराच्या मार्गात काजळी अडवणारी जाळी असते. गाडी केवळ गल्लीबोळात दोन-दोन किलोमीटर फिरत राहिली, तर ती जाळी तुंबते. तिचा दिवा लागल्यास वीस-पंचवीस मिनिटे महामार्गावर एकसारख्या वेगाने गाडी चालवावी, म्हणजे काजळी जळून जाते. दिवसाला पाच-सात किलोमीटरच फिरणाऱ्याने डिझेल गाडी घेऊच नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

इंजिन ऑइल पुस्तिकेतल्या ग्रेडचेच भरावे. जाड ऑइल चांगले, हा समज नव्या इंजिनांना लागू नाही. एअर फिल्टर धुळीच्या रस्त्यांमुळे ठरलेल्या मुदतीआधीच भरतो, तो अधूनमधून उघडून पाहावा. खड्ड्यात जोरात आदळल्यानंतर गाडी एका बाजूला ओढत असेल, तर अलाइनमेंट करून घ्यावी. तसे न केल्यास टायर आणि इंधन दोन्ही वाया जातात.

ॲव्हरेज डॅशबोर्डवरच्या आकड्यावरून ठरवू नये, तो पुष्कळदा गोड बोलतो. टाकी भरताना पंपाचा नोझल पहिल्यांदा आपोआप बंद पडला की थांबावे आणि ट्रिप मीटर शून्य करावा. पुढच्या वेळी त्याच पंपावर, तशाच पद्धतीने भरावे. ४८० किलोमीटर झाले असतील आणि ३० लिटर बसले, तर ॲव्हरेज १६ पडले. तीन टाक्यांची सरासरी काढल्याशिवाय निष्कर्ष काढू नये, कारण एक घाट किंवा एक लग्नसराईचा आठवडा आकडा सहज हलवतो. रस्ते आणि भार तोच असताना ॲव्हरेज दहा टक्क्यांहून जास्त उतरले, तर आधी टायरची हवा पाहावी, मग एअर फिल्टर. त्यानंतर सपाट रस्त्यावर आठ-दहा किलोमीटर ब्रेक फारसा न वापरता चालवून थांबावे आणि प्रत्येक चाकाच्या रिमजवळ, स्पर्श न करता, हात न्यावा. एक चाक इतरांपेक्षा स्पष्टपणे गरम लागले, तर त्याचा ब्रेक पूर्ण सुटत नाही, असे समजून गाडी त्याच दिवशी उद्यमनगरातल्या किंवा घराजवळच्या खात्रीच्या गॅरेजमध्ये दाखवावी.